कल म्हणजे काल की उद्या?

राजेहो, आज थोडं लांब लिहितोय. वाडीत ट्रान्सपोर्ट, गोडाऊन, दुकान, वर्कशॉप यांपैकी काहीही चालवणाऱ्यांनी किंवा तिथं नोकरी करणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावं अशी विनंती. बाकीच्यांनी वाचायलाही हरकत नाही. तुमच्या घरचा फ्रिजसुद्धा कोणत्या तरी बिल्टीवरच आलेला असतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री पावणेअकराला आमच्या एका जुन्या पार्टीचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. हिंदीत, पाच शब्दांचा : ‘कल का माल रोक दो.’ ऑफिसात तेव्हा एक पोरगा होता, कामाला लागून चार महिने झालेला. त्याने वाचलं, कालचा माल थांबवायचा आहे. कालचा माल तर निघालेला, गाडी बडनेऱ्याच्या पुढे. त्याने ड्रायव्हरला फोन लावला, मूर्तिजापूरच्या अलीकडे एका ढाब्यावर गाडी उभी करवली, पार्टीला ‘ओके सर’ पाठवलं आणि झोपला.

पार्टीला म्हणायचं होतं, उद्याचा माल थांबवा.

सकाळी काय झालं ते सांगायला नको. जो थांबवायचा तो माल लोड होऊन निघाला आणि जो जायला पाहिजे तो ढाब्यावर भिजत उभा. त्याच गाडीत आणखी तीन पार्ट्यांचा माल होता, त्यांचे फोन वेगळे. हॉल्टिंग कोणी द्यायचं यावर आठ दिवस वाद. शेवटी सेठनी तीन हिस्से केले, एक हिस्सा त्या पोराच्या पगारातून कापला. तो बिचारा म्हणे, ‘भाऊ, मी तर मेसेज वाचला तसंच केलं न.’ आणि खरंच तसंच केलं होतं त्याने. हिंदीतला ‘कल’ दोन्हीकडे चालतो. आपल्या मराठीत काल वेगळा, उद्या वेगळा. पण वाडीत धंदा हिंदीत होतो, बिल इंग्रजीत निघतं, शिव्या मराठीत देतो, आणि तारीख कोणीच लिहीत नाही.

मी गेली एकोणीस वर्षं वाडीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, बिलं आणि पत्रं लिहितोय. त्या हापशावरून आज बोलतोय. माझं म्हणणं एकच आहे : आपल्या धंद्यात जेवढा पैसा डिझेलमध्ये, टायरमध्ये, टोलमध्ये जातो तो आपल्याला दिसतो, पण जेवढा पैसा न लिहिल्यामुळे किंवा धड न लिहिल्यामुळे जातो, तो आपण नशिबाच्या खात्यावर टाकतो. आणि हा पैसा नेहमी लहान माणसाचाच जातो.

बाहेरच्या लोकांना वाडी म्हणजे अमरावती रोडवरची ट्रॅफिक. एकीकडे ऑर्डनन्स फॅक्टरीचा भाग, दुसरीकडे दत्तवाडी आणि तिच्या मागे पुढे पसरलेली गोडाऊनं, ट्रक, काटे, टायरवाले, बॉडीवाले. सुरतकडून कोलकात्याकडे जाणारा जुना सहा नंबरचा हायवे (आता ५३) इथूनच जातो, म्हणून इथं माल उतरतो, फुटतो, परत चढतो. पण आपण फक्त माल हलवत नाही. प्रत्येक पेटीच्या मागे कागद हलतो. बिल्टी, बिल, ई-वे बिल, पोच. कागद चुकला तर पन्नास लाखांची गाडी म्हणजे रस्त्याच्या कडेला उभं असलेलं लोखंड.

ई-वे बिलाचंच बघा. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ते लागतं. सुरुवातीला आम्ही सगळ्यांनी डोक्याला हात लावला होता. आज तेच पोरगं झोपेत सुद्धा भरतं : गाडी नंबर, बिल नंबर, तारीख, कुठून, कुठे, किंमत. २०० किलोमीटरला एक दिवस, मुदत संपायच्या आधी आठ तास किंवा नंतर आठ तासांत वाढवून घ्यायची, हे सगळं त्याला तोंडपाठ. एक आकडा चुकत नाही, कारण चुकला तर दंड. आणि त्याच पोराने त्याच मिनिटाला पार्टीला काय मेसेज केला? ‘गाडी निघाली.’ कोणती गाडी? कोणाचा माल? केव्हा निघाली? पोचणार केव्हा? सरकारच्या भीतीने आपण नीट लिहितो, एकमेकांना मात्र कोड्यात बोलतो. म्हणजे लिहिता येत नाही हे कारणच नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा फार शहाणा.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मोठ्या पार्टीकडे आमचे हॉल्टिंगचे पैसे अडकले होते. सेठ म्हणाले, चांगलं कडक लेटर लिही. मी एका जुन्या फाइलीतून इंग्रजी पत्र काढलं आणि त्यावरून दीड पानी पत्र तयार केलं. ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह सायटेड सब्जेक्ट’पासून सुरुवात, मधे तीनदा ‘काइंडली’, शेवटी ‘प्लीज डू द नीडफुल’. मला तर वाटलं, आता चेक येतोच. दोन महिने काहीच नाही. मग मी स्वतः गेलो. तिथला अकाउंटंट वयस्कर माणूस, पत्र त्याच्या फाइलीत व्यवस्थित लावलेलं. म्हणाला, ‘बाळा, तू यात बिल्टी नंबर लिहिला नाही, गाडी नंबर लिहिला नाही, किती दिवस उभी होती ते नाही, आणि किती पैसे पाहिजेत तेही नाही. मी नेमकं काय करायचं?’ मी पत्र परत वाचलं. खरंच आकडा नव्हता. दीड पान लिहिलं आणि पैसे मागायचेच विसरलो!

त्यानेच मला समोर बसवून एका कोऱ्या कागदावर लिहायला लावलं, मराठीत. गाडी अमुक, बिल्टी अमुक. तुमच्या गेटवर या तारखेला सकाळी इतक्या वाजता पोचली, त्या तारखेला संध्याकाळी खाली झाली. ठरल्याप्रमाणे पहिला दिवस सोडून चार दिवसांचं हॉल्टिंग, रोजचे इतके, एकूण इतके. गेटच्या नोंदीची झेरॉक्स जोडली आहे. या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत द्यावेत. सहा ओळी. पैसे २३ तारखेला आले. त्या माणसाचं नाव इथं लिहीत नाही, पण मी धंद्यातलं लिहिणं त्या टेबलावर शिकलो, बी.कॉम.च्या तीन वर्षांत नाही. परीक्षेत आम्ही ‘बिझनेस लेटरचे गुण’ पाठ करून लिहायचो. मार्क मिळाले, पत्र कधी लिहिलं नव्हतं.

मराठीतही काही कमी नाही बरं. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की सदरहू बाबीची दखल घेऊन योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.’ वाचायला भारदस्त. पण कोणी करायची कार्यवाही? कोणती? केव्हापर्यंत? ‘करण्यात यावी’ म्हटलं की ते काम कोणाच्याच अंगावर पडत नाही. सरकारी कचेरीतून ही भाषा आपल्या लेटरहेडवर आली आणि आपल्याला वाटायला लागलं की अशी लिहिली म्हणजेच ती ऑफिसची भाषा.

पण भाषेची सजावट ही लहान गोष्ट आहे. मोठी गोष्ट पुढे आहे आणि ती कायद्याची आहे. खूप जणांना माहीत नाही म्हणून जरा थांबून सांगतो.

रस्त्याने माल नेण्याचा कायदा २००७ चा आहे, लागू झाला १ मार्च २०११ पासून. त्याआधी १८६५ चा, इंग्रजांच्या काळातला चालू होता. या कायद्याप्रमाणे माल हरवला किंवा खराब झाला तर ट्रान्सपोर्टवर दावा करण्याआधी त्याला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तीही माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. माल पोचल्यापासून नाही, बुक केल्यापासून. आता आपल्या छोट्या दुकानदाराचं काय होतं? माल ओला आला. तो फोटो काढतो, ट्रान्सपोर्टच्या माणसाला पाठवतो, खाली लिहितो, ‘भाऊ बघा ना काय झालं.’ तिकडून अंगठा येतो. पंधरा दिवसांनी परत, ‘भाऊ काय झालं मग?’ तिकडून ‘बघतो.’ दिवाळी जाते, संक्रांत जाते. सहा महिन्यांत तो पन्नास मेसेज करतो आणि एकातही लिहीत नाही की या बिल्टीच्या मालात इतकं नुकसान झालं, त्याची इतकी भरपाई मला पाहिजे. मी ट्रान्सपोर्टच्या बाजूचा माणूस आहे, तरी सांगतो : तो अंगठा म्हणजे कबुली नाही, वेळकाढूपणा आहे.

पोचपावतीवरचा शेरा हा तर वेगळाच विषय. माल उतरवून घेताना ‘माल बरोबर नाही’ असा शेरा मारतात. याचा काही अर्थच होत नाही. ‘१२० पेट्यांपैकी ११८ मिळाल्या, ४ पेट्या खालून ओल्या’ असं लिहा, वेळ टाका, ड्रायव्हरची सही घ्या. गाडी निघून गेली की नंतर कितीही शपथा घ्या, मोजणारा कोणी नसतो. ड्रायव्हरलाही हेच भल्याचं आहे. नाहीतर दोन पेट्यांचे पैसे सेठ त्याच्याच हिशेबातून कापतो, हे आपण रोज पाहतो.

आणखी एक. त्याच कायद्यात आणि २०११ च्या नियमांत असं आहे की माल पाठवणाऱ्याने जास्त जोखमीचा जादा दर द्यायचं कबूल केलं नसेल, तर ट्रान्सपोर्टची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच. हिशेब करा. भाडं ८०० रुपये, माल दीड लाखाचा. माल गेला तर हातात येणार ८,०००. हे कुठं ठरतं? माल देताना जो फॉर्म भरून द्यायचा असतो तिथं, किमतीच्या रकान्यात आणि जोखमीच्या रकान्यात. बरेच लोक तो फॉर्म आमच्याच हमालाकडून भरून घेतात किंवा खाली नुसती सही ठोकतात. एक रकाना, त्याची किंमत दीड लाख.

आणि हे सगळं बिल्टीच्या मागे लिहिलेलं असतं का? असतं. फिकट शाईत, मुंगीएवढ्या अक्षरात, इंग्रजीत. वाडीत माल पाठवणाऱ्यांतले किती जण ते वाचत असतील? राज्यात २०२२ मध्ये कायदा बदलून लहानमोठ्या सगळ्या दुकानांवर मराठी पाटी सक्तीची केली. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानेही दोन महिन्यांत पाट्या लावा म्हणून सांगितलं. चांगलं झालं. माझाही पाठिंबा होता. पण पाटी मराठीत झाली आणि ज्या कागदावर आपला पैसा बुडतो तो कागद होता तसाच राहिला. पाटीवरून कोणाचं काही नुकसान होत नव्हतं हो. बिल्टीच्या मागच्या बाजूवरून होतं. यासाठी मात्र कोणी मोर्चा काढला नाही.

मला काही ट्रान्सपोर्टवाले मित्र म्हणतात, अटी मराठीत, हिंदीत छापल्या तर लोक भांडायला येतील. अरे बाबा, म्हणजे आज ते भांडत नाहीत कारण त्यांना कळत नाही, असाच त्याचा अर्थ झाला न? मोठ्या अक्षरात, साध्या भाषेत दहा अटी छापायला किती खर्च येतो ते मला माहीत आहे, मीच छापून आणतो. फरक काही पैशांचा असतो.

आता चेकचं. चेक परत आला की बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवायची, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस द्यायचे, नाही दिले तर त्यानंतर महिन्याभरात केस. एवढं धंद्यातल्या सगळ्यांना पाठ असतं. पण नोटिशीत काय लिहायचं? मागच्या वर्षी, म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये, आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना त्यांच्या पीठाने कावेरी प्लास्टिक्सच्या प्रकरणात निकाल दिला. चेक होता एक कोटीचा. नोटिशीत लिहिलं गेलं दोन कोटी. तक्रारदार म्हणाला, टायपिंगची चूक आहे. कोर्ट म्हणालं, चेकची रक्कम आणि नोटिशीतली रक्कम एकच पाहिजे, चूक म्हणून चालणार नाही. नोटीसच ग्राह्य धरली नाही. एक आकडा! आपण म्हणतो, भावना समजून घ्या. पण पैशाच्या पत्रात भावना कोणी समजून घेत नाही, आकडा वाचतात.

इथं माझ्या एका वकील मित्राने कान धरला म्हणून लिहितो, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज कोर्टात अगदीच चालत नाहीत असं नाही, पण त्यासोबत प्रमाणपत्र वगैरे जोडावं लागतं. म्हणून मोठ्या रकमेची नोटीस कागदावर, स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं, हे अजून खूप जणांना ठाऊक नाही. काउंटरवर जाऊन वाद घालतात.)

आणि उधारी. वाडी उधारीवर चालते, लपवायचं काय. ज्यांची उद्यम नोंदणी आहे अशा सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली की मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल तेव्हाच धरता येतो. म्हणून मोठ्या कंपन्या आता मार्चमध्ये विचारतात, तुमची उद्यम नोंदणी आहे का. पण या कायद्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळी आहे. माल किंवा काम मिळाल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने लेखी हरकत घेतली नाही, तर त्याने ते स्वीकारलं असंच धरतात. म्हणजे तीन महिन्यांनी पैसे मागितल्यावर ‘तुमचं कामच बरोबर नव्हतं’ हे जे तोंडी ऐकवतात न, त्याला कायद्यात फार वजन नाही. फक्त आपण काम केव्हा दिलं ते आपल्याकडे लिहिलेलं पाहिजे. तिथंच घोडं पेंड खातं.

का लिहीत नाही आपण? आळस हे कारण आहेच. पण मला वाटतं त्याहून मोठं कारण आहे भीड.

आमच्या ओळखीतला एक गाडीमालक आहे. एकच गाडी, स्वतःच चालवायचा. एका प्लांटच्या गेटबाहेर त्याची गाडी सहा दिवस उभी राहिली. आतल्या साहेबाने फोनवर सांगितलं, ‘थांब रे, तुझं सगळं पाहून घेतो मी.’ हा थांबला. मी त्याला दुसऱ्याच दिवशी म्हटलं होतं, बाबा, एक मेसेज टाकून ठेव, आज दुसरा दिवस, गाडी नंबर अमुक, तुमच्या सांगण्यावरून थांबलोय, हॉल्टिंग रोज इतकं. तो म्हणाला, ‘नाही भाऊ, साहेब काय म्हणतील? विश्वास नाही का म्हणतील. पुढचं भाडं बंद होईल.’ महिन्याभरात त्या साहेबाची बदली झाली. नवीन साहेब सभ्य माणूस होता, म्हणाला, कागद दाखवा, मी पास करतो. कागद नव्हता. फोनमध्ये अकरा कॉल दिसत होते, पण कॉलमध्ये काय बोलणं झालं ते दिसत नाही. त्या महिन्याचा गाडीचा हप्ता त्याने बायकोची पोत गहाण ठेवून भरला. आणि तरीही मला म्हणाला, ‘साहेब तसे चांगले होते हो.’

मला त्याचा राग येत नाही. त्याला जे वाटलं ते आपल्या सगळ्यांना वाटतं. आपल्याकडे लिहून मागणं म्हणजे संशय घेणं. भावाभावांत कागद नको, दोस्तीत कागद नको. पण एकोणीस वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे : ज्याला पैसे घ्यायचे असतात तो लिहायला लाजतो आणि ज्याला द्यायचे असतात तो लिहायचं टाळतो. ‘फोनवर बोलू न’, ‘भेटून बोलू’, ‘तुम्ही आपलेच आहात’ ही वाक्यं कोण म्हणतं ते आठवून बघा. मोठी कंपनी तुमच्याकडून माल घेताना वीस पानी ऑर्डर देते, त्यात त्यांची भीड कुठं आडवी येत नाही. तिथं तुम्ही प्रत्येक पानावर सही करता. मग तुमच्या सहा ओळींनीच विश्वास कसा तुटतो?

मी एक मधला रस्ता काढला आहे आणि तो चालतो. फोनवर बोलणं झालं की पाच मिनिटांत मेसेज टाकतो : ‘नमस्कार साहेब, आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे गाडी अमुक १४ तारखेपर्यंत थांबवतो, हॉल्टिंग रोज इतके ठरले. काही वेगळं असेल तर आजच कळवा.’ यात कोणावर संशय नाही. उलट बरेच साहेब म्हणतात, बरं झालं लिहिलं, मी विसरलोच असतो. ज्याच्या मनात खोट असते त्याचाच लगेच फोन येतो, ‘अरे, हे लिहायची काय गरज होती?’ तेव्हा समजून जायचं.

इंग्रजीबद्दलही बोलून टाकतो, कारण कमेंटमध्ये कोणी तरी म्हणणारच. आपल्या पोरांना इंग्रजी येत नाही म्हणून ती मागे पडतात, असं म्हणतात. मी इंग्रजीच्या विरोधात नाही. चेन्नईच्या पार्टीला मराठीत लिहून काय उपयोग? पण मी असे इंग्रजी मेल पाहिले आहेत, व्याकरण चोख, आणि वाचून झाल्यावर कळत नाही की माल पाठवायचा की नाही. आणि आमचा एक ड्रायव्हर आहे, सातवी शिकलेला, तो मेसेज करतो : ‘भिवंडी पोचलो ६.१० ला. गेट बंद. उद्या ९ ला खाली होणार म्हणतात. डिझेल पुरते.’ अक्षरं चुकलेली असतात, ऱ्हस्व-दीर्घ सगळं उलटं. पण त्याच्या मेसेजवर मला परत फोन करावा लागत नाही. नोकरीला ठेवायचं झालं तर मी कोणाला ठेवीन, तुम्हीच सांगा.

आता नवीन प्रकार सुरू झालाय. पोरं मोबाइलवरच्या एआयला सांगतात, पेमेंटसाठी लेटर बनव. सुंदर लेटर येतं. ‘आपल्या दीर्घकालीन व्यावसायिक संबंधांचा आम्ही मनापासून आदर करतो’ वगैरे. मी पाहिलं, त्यात बिल नंबर नाही. मशीनला बिल नंबर माहीत कुठून असणार, तुम्ही सांगितलाच नाही! म्हणजे वीस वर्षांपूर्वी मी जुन्या फाइलीतून उतरवायचो, आता ही पोरं मोबाइलमधून उतरवतात. वापरा, मी नाही म्हणत नाही. पण आधी कागदावर चार गोष्टी लिहून घ्या आणि मग सजवायला द्या. सजवलं नाही तरी चालतं.

आपल्या भागात बारावी, आयटीआय, बी.कॉम. करून दरवर्षी किती तरी पोरं-पोरी या गोडाऊनांत आणि ऑफिसांत कामाला लागतात. त्यांना टॅली शिकवतात, एक्सेल शिकवतात. एक बिल्टी समोर ठेवून ‘यात नुकसान झालं, आता पत्र लिही’ असं कोणी बसवून शिकवत नाही. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या संघटनांना, इथल्या कॉलेजांना माझी ही जाहीर विनंती आहे. महिन्यातून एक रविवार, दोन तास. हॉल मिळाला तर मी फुकट शिकवायला येतो, सोबत त्या वकील मित्रालाही ओढून आणतो.

आणि तोपर्यंत तुम्ही एक करा. घरात, दुकानात पडलेली कोणतीही बिल्टी काढा, मागची बाजू पलटवा, फोटो काढा आणि कमेंटमध्ये टाका. कंपनीचं नाव, नंबर सगळं झाकून टाका, मला कोणाची बदनामी करायची नाही. पहिली जी येईल तिच्या सगळ्या अटी मी येत्या रविवारी साध्या मराठीत लिहून इथं टाकतो. आमच्या स्वतःच्या बिल्टीपासूनच सुरू करणार होतो, पण सेठ म्हणाले आधी दुसऱ्याची कर.

तो पोरगा अजून आमच्याकडेच आहे. कापलेले पैसे सेठनी दिवाळीत परत दिले, तेही न लिहिता, पाकिटात घालून. आता कोणत्याही पार्टीचा ‘कल’ आला की रात्रीचे अकरा असोत की बारा, तो विचारतोच, ‘सर, तारीख लिहा.’ दोन-तीन पार्ट्या त्याला तारीखबाबू म्हणायला लागल्या आहेत. परवा त्यातल्याच एकाचा मेसेज आला : ‘तारीखबाबू, १८ का माल रोक दो, बाकी जाने दो.’